महाराज बडोद्यात नसायचे, तेच तर सांगतोय

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की चांगला नेता कोण हे सांगताना मी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचं उदाहरण दिलं तेच चुकलं, कारण ते राजे होते, हातात खजिना होता, हुकूम सोडला की काम व्हायचं, वर अर्धा वेळ ते विलायतेत, आणि आम्ही बडोद्याचे मराठी लोक अजून त्यांच्याच पुण्याईवर जगतो. शेवटचा टोमणा मान्य, बडोद्याच्या दांडिया बाजारात राहून तो नाकारणार कसा! बाकीच्यावर बोलू.

हुकमाचं म्हणाल तर तेव्हा हिंदुस्थानात पाचशेच्या वर संस्थानं होती, म्हणजे हुकूम सोडणारेही तितकेच. त्यातल्या किती जणांची नावं आठवतात तुम्हाला? सक्तीच्या शिक्षणाचंच घ्या. १८९३ ला सुरुवात झाली ती बडोदा शहरात नाहीच, तिकडे लांब काठेवाडात, राज्याच्याच अमरेली तालुक्यात, तीही मोजक्या गावांत. अख्ख्या राज्याला कायदा लागला १९०६ ला. मधे तेरा वर्षं गेली, त्यातच तो छप्पनियाचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) भयंकर दुष्काळ पडला, तरी विषय सोडला नाही. नुसत्या हुकमावर भागत असतं तर आधी चार गावांत करून बघायची काय गरज होती हो? (गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला असंच बिल मांडलं तर ब्रिटिश सरकारने ते होऊच दिलं नाही, ते वेगळं.)

एक मात्र तुमचं पटतं, सक्तीचं. पोरगं शाळेत नाही पाठवलं तर पालकांना दंड होता, आणि ज्याच्या घरी गुरांमागे जायला त्या पोराशिवाय कोणी नाही त्याला तो जड गेलाच असणार. महाराजांचं कौतुक करताना आपल्याकडे हे कोणी बोलत नाही.

आता विलायत. ही तक्रार जुनीच आहे साहेब, व्हाइसरॉय कर्झनने १९०० साली फर्मानच काढलं होतं की संस्थानिकांनी परवानगीशिवाय परदेशी जायचं नाही, आणि रोख कोणावर होता ते सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे या मुद्द्यावर तुम्ही आणि कर्झन एका बाजूला! पण मला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं, की माणूस महिनोन्‌महिने बाहेर आणि राज्य चालू. बडोद्यात मांडवीजवळची महाराजांची सेंट्रल लायब्ररी कधी आत जाऊन बघा, लोखंडी रॅक्स आणि मधली जमीन चक्क काचेची, उजेड खालपर्यंत यावा म्हणून. १९१० ला अमेरिकेतून बॉर्डन नावाचा लायब्रेरियन आणला, त्याला मोकळीक दिली, त्याने इथल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं, खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायला लागली. १९१३ ला तो परत गेला. मग लायब्ररीचं खातं बसलं का? नाही बसलं, नंतरच्यांनी वाढवलं उलट.

आणि राजेशाही सोडा, आपल्या आजूबाजूचं बघू. माझ्या माहितीतल्या एका गणपती मंडळाचे अध्यक्ष, माणूस राबणारा, पहाटेपासून मंडपात, वर्गणीची पावतीपुस्तकं त्यांच्या पिशवीत, गोडाऊनची किल्ली त्यांच्या खिशात, मांडववाल्याचा नंबरसुद्धा फक्त त्यांच्याच मोबाईलमध्ये. ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी डेंग्यूने ॲडमिट झाले आणि पंधरा-वीस पोरं गोडाऊनच्या कुलपासमोर हात बांधून उभी, कारण कशालाच हात लावायची सवय नाही, विचारल्याशिवाय खुर्ची हलवली तरी ओरडा बसायचा. शेवटी हॉस्पिटलमधून किल्ली आली. लोक अजून म्हणतात, भाऊंशिवाय मंडळाचं पान हलत नाही, आणि हे कौतुकाने म्हणतात! मला ते कौतुक वाटत नाही. भाऊ निवडून आलेले म्हणून चांगले नेते आणि महाराज गादीवर बसलेले म्हणून नाहीत, हे मला नाही पटत.

तुमच्या बघण्यात खजिना नसलेला, निवडून आलेला आणि तरी चार महिने गावाला गेला तर काम अडत नाही असा कोणी असेल तर नक्की कळवा, पुढचं त्याच्यावरच लिहितो.