‘रडार’ मागे घेतो, वीज नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो.

अंगातली वीज पाण्यात सोडून आजूबाजूचं ओळखणाऱ्या जिम्नार्कस या माशावरच्या लेखात ‘नाईल नदीतला हा मासा अंगात रडार घेऊन फिरतो’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की वीज खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकवू नका. चार-दोन व्होल्ट पाण्यात सोडले तर पसरून जातात, परत काही येत नाही. आणि गढूळ पाण्यात न धडकता पोहायला माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा पुरते, पाण्याची हालचाल तिला कळते. बाकी सगळा फुगवटा.

रडारबद्दल तुमचं बरोबर, माझं चूक. रडार काय, वटवाघूळ काय, दोघं काहीतरी पाठवतात आणि परत येण्याची वाट बघतात. हा मासा कसलीच वाट बघत नाही. स्नायूंच्या पेशींपासूनच घडलेला त्याच्या शेपटीतला अवयव सेकंदाला साधारण 300 वेळा विजेचे स्पंद सोडतो, आणि शेपटी व डोकं यांच्यामध्ये आजूबाजूच्या पाण्यातून प्रवाह चालू राहतो. तुम्ही म्हणता तो पसरतो. अहो, पसरतो म्हणूनच तर उपयोगाचा! वाटेत दगड आला की प्रवाह त्याला वळसा घालतो. पाण्यापेक्षा चांगला वाहक आला, समजा दुसरा मासा, की त्याच्याकडे गोळा होतो. त्यामुळे कातडीवर कुठे प्रवाह घटतो, कुठे वाढतो, आणि तिथल्या बारीक संवेदी छिद्रांना तो फरक जाणवतो. प्रतिध्वनी नव्हे, सावली म्हणा हवं तर. तेवढ्याला चार-दोन व्होल्ट भरपूर झाले. शिकारीला झटका द्यायचा असता तर गोष्ट वेगळी. त्याच नाईलमधला विद्युत मांगूर साडेतीनशे व्होल्टपर्यंत जातो.

आता पार्श्वरेषा. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी 1951 मध्ये या माशाच्या अखंड विद्युतस्पंदांची नोंद प्रसिद्ध केली. पण तुमच्यासारखी शंका कोणीही काढणार, म्हणून 1958 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी मेकिन यांनी जे प्रयोग छापले ते बघा. आपल्या माठासारखी पाझरणारी भांडी घेतली. भिंती भिजलेल्या, म्हणजे वीज आरपार जाते, पण आतलं दिसत नाही आणि आतली हालचाल बाहेर कळत नाही. एकात नुसतं टाकीतलं पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात काचेची कांडी. बरोबर भांड्याकडे गेला की खाऊ. माशाने फरक ओळखला, अगदी कांडी 2 मिलिमीटर जाडीची असतानाही. काचेला वास नाही, पाणी दोन्हीकडे एकच. पार्श्वरेषेला इथे काय कळणार, ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट तुमच्या खुलाशात बसत नाही. बहुतेक मासे अंग वळवत पोहतात. हा फूटपट्टीसारखा ताठ, फक्त पाठीवरचा लांबलचक पर लहरत असतो. शेपटीला पर नाहीच. जितक्या सहज पुढे जातो तितक्याच सहज मागे. नुसती पार्श्वरेषा वापरायची तर एवढं ताठ राहायची गरज काय? लिसमन यांचा खुलासा असा, की शेपटी हलली तर दर फटकाऱ्याला विद्युतक्षेत्राचा आकार बदलेल आणि बाहेरच्या वस्तूंमुळे पडणारा फरक त्यात हरवेल. मला हा खुलासा भलताच आवडतो, त्यामुळे मी पक्षपाती आहे हेही धरून चाला.

जाता जाता: आपल्याकडे मिळणारा चालट याच गोतावळ्यातला. त्याच्या आफ्रिकेतल्या भावंडांना पाण्यातली वीज जाणवते, त्याला मात्र नाही.

शेवटी तुमच्या खात्यातलीच एक गोष्ट. टाकीत तांब्याच्या वाकवलेल्या तारेची दोन टोकं बुडवली की हा मासा दचकून पळतो. तार कशालाही जोडलेली नसते.

मूळ लेखात ‘रडार’ खोडून ‘सावली’ केलं आहे.