२६ जूनची शपथ आणि दुपारी चारनंतरची पोरं

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आपल्या सांगलीत शाळांच्या फेऱ्या निघतात. फलक, घोषणा, शपथ, फोटो. शपथ घेणारी पोरं शाळेत असतात, इथंच खरी गोम आहे. ज्याला धोका जास्त, ते पोर आठवी-नववीतच गळालेलं असतं. फेरी रस्त्यावरून जाते तेव्हा ते कुठल्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर भंगाराच्या गोदामात राबत असतं.

मध्यंतरी एमडी म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थामुळं जिल्ह्याचं नाव सारखं पेपरात होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडला पुणे पोलिसांनी साठा पकडला, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच सापडला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ आणखी एक. धाडी पडल्याच पाहिजेत. पण झोपडपट्टीतल्या बारा वर्षांच्या पोराला एमडी परवडतं का? त्याची नशा टपरीवर, हार्डवेअरच्या दुकानात, आमच्यासारख्याच्या काउंटरवर मिळते.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. "काका, सोल्युशनची ट्यूब द्या," म्हणत पोरं पंक्चर चिकटवायचं रसायन मागायला येतात. सायकल कुठाय विचारलं की घरी आहे म्हणतात. ढकलत आण, पंक्चर फुकट काढून देतो म्हटलं की परत फिरकत नाहीत. नीट बघितलं तर नाकाखाली आणि ओठांभोवती बारीक पुरळ असतं, बाहीवर वाळलेला पिवळट थर. रुमालात ओतायचं आणि हुंगायचं. भूक मरते, थंडी वाजत नाही, घरातली मारहाण घटकाभर विसरते. पोटात काही नसलेल्या पोराला ही नशा भाकरीपेक्षा स्वस्त पडते, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला. हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा पोरंच पुढं असलेली त्यात हीच एक नशा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पंक्चरचं सोल्युशन त्यात कुठं बसतं? म्हणून विकायचं की नाही हे शेवटी दुकानदारावरच येतं. आणि एक, हुंगलेल्या पोराच्या मागं ओरडत पळू नका. त्या अवस्थेत दचकल्यानं, पळाल्यानं हृदयाचे ठोके बिघडून पोर जागच्या जागी जाऊ शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा.

आता पैशाचं. एक पालक गेलेल्या किंवा सोडून गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. भंगार वेचून पोर जे आणतं त्याची थोडी तरी भरपाई यातून होते. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईनं मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला गोळा करायचा, बालकल्याण समितीपुढं जायचं, आणि त्या प्रत्येक दिवसाचा खाडा सोसायचा. नवरा मेलेला नाही, नुसताच परागंदा झालाय, त्याचा कागद कुठून आणायचा? दाखले काढायला तिच्यासोबत कुणीतरी गेलं, तर माझ्या मते ते काम शंभर शपथांना भारी आहे.

दुसरं म्हणजे वेळ. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के पोरं महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली असायची. २०१६ पर्यंत ते पाच टक्क्यांवर आलं. त्यांनी भाषणांवर भर दिला नाही. शाळा सुटल्यावर खेळ, गाणं, नाच यांची सोय केली, त्यासाठी दर पोरामागं पैसे दिले, आईबापांना संध्याकाळी पोरांसोबत राहायला लावलं. देश श्रीमंत, आपली बरोबरी नाही, मान्य. पण तालमी तर आपल्याकडं आहेत! लाल माती आहे, कबड्डीची मैदानं आहेत. वस्तीतल्या पोराला तिथं कुणी बोलावत नाही, एवढंच. (तालीम म्हणतोय, जिम नाही. हल्ली काही जिमच्या पोरांकडं मेफेंटरमाइनची इंजेक्शनं सापडतात. भूल दिलेल्या पेशंटचा रक्तदाब पडला तर डॉक्टर द्यायचे ते औषध. बॉडी राहते बाजूलाच.)

आमच्या भागातल्या मंडळांचे हॉल वर्षातले दहा-बारा दिवस उघडे आणि बाकी वेळ कुलपात. रोज चार ते आठ उघडा, एक कबड्डी शिकवणारा ठेवा, मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. पोरं येतील, खायला मिळतंय म्हणून का होईना येतील. एखादं आधीच अडकलेलं दिसलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यसन सोडवायचा सल्ला १४४४६ वर फुकट मिळतो.

यंदा वर्गणीचं पुस्तक घेऊन कार्यकर्ते दुकानात आले की हॉलची किल्ली कुणाकडं असते, हे मी पहिलं विचारणार आहे. चार ते आठ उघडणार असाल तर पावती फाडा, नेहमीच्या दुप्पट देतो. डॉल्बीसाठी आला असाल तर पुढच्या दुकानात बघा.