‘घरात बसून लिहायला काय जातं’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांच्या अरेरावीवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही नर्सिंगमध्ये आहात म्हणता, नाव मात्र दिलेलं नाही. ‘साहेब’ म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या ओळीत ‘अकलेचे तारे तोडू नका’ म्हणायचं, ही कुठली रीत? माझ्या लेखात ना कुणाचं नाव होतं, ना कुठल्या इस्पितळाचं. मुद्दा पटला नव्हता तर तेवढंच सांगायचं होतं.

गर्दीचं तुम्ही म्हणता ते मान्य. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, गोव्याबरोबर सिंधुदुर्गातून, कारवारहूनही पेशंट येतात. कामाचा ताण मी नाकारलेलाच नाही.

पण ‘घरात बसून लिहायला काय जातं’ हे वाक्य मी सोडणार नाही.

माझ्या आईने फोंडा तालुक्यातल्या मराठी शाळांत जन्मभर शिकवलं. गावात आजही तिला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘बाई’ म्हणतात. खुब्याचं हाड मोडून ती एका सरकारी इस्पितळात होती. एका दुपारी चादर ओली झाली. आया वॉर्डच्या दारातूनच ओरडली, ‘‘गो म्हातारे, परत ओलें केलें?’’ शेजारच्या खाटेपाशी परके पुरुष डबा उघडून जेवत होते. चाकांचा पडदा दोन खाटा सोडून भिंतीला टेकवून ठेवलेला. तो न आणताच तिने आईचं लुगडं वर केलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून आईने पाणी तोडलं. पेला पुढे केला की ओठ मिटून घ्यायची. पाणी प्यायलं की लघवी लागणार, लघवी लागली की भांडं मागावं लागणार. पुढे लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला, आणि डॉक्टर मलाच विचारत होते, ‘‘पाणी का देत नाही?’’

आता सांगा, तो पडदा ओढायला किती मनुष्यबळ लागतं? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत 17 हक्क आहेत. रुग्णाची प्रतिष्ठा आणि खासगीपणा त्यांत आहे. स्टाफ कमी असेल तेव्हा हा हक्क लागू नाही, असं त्यात कुठे म्हटलंय ते दाखवा.

‘तुमच्यासारख्यांमुळेच मंत्री डॉक्टरांना झापतात’ असंही तुम्ही लिहिलंय. जून 2025 मध्ये बांबोळीच्या कॅज्युअल्टीत आरोग्यमंत्री कॅमेऱ्यासमोर डॉक्टरवर ओरडले, ते मला तेव्हाही किळसवाणं वाटलं होतं. डॉक्टर आंदोलनाला उतरले, मंत्र्यांनी माफी मागितली, योग्यच झालं. चारचौघांत पाणउतारा झाला की माणसाला काय होतं, हे तुमच्या क्षेत्राला त्या आठवड्यात नीट कळलं होतं. मग खाटेवरच्या म्हातारीचं का कळू नये? तिच्यासाठी आंदोलन करायला कोण येणार होतं?

पगार, कंत्राटी भरती, नातेवाइकांची दादागिरी हे तुमचे बाकीचे मुद्दे माझ्या लेखाचा विषयच नव्हते. त्यावर तुम्ही स्वतः लिहा, मी वाचेन.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र लेखातल्या आईच्या प्रसंगाला ‘मेलोड्रामा’ म्हणालात, तो शब्द पुन्हा आला तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.