बर्फाचे साठ रुपये

सोमवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोवर मोबाईलवर हिशोब येऊन पडला. आमच्या रस्सा मंडळाचा खजिनदार पतसंस्थेत कामाला आहे, त्यामुळे त्याच्या हिशोबात भावनेला जागा नसते. मटण, लाकडं, भाकरी, कांदे-लिंबू, व्हिस्की, बिअर, सोडा, भागिले नऊ, माणशी ६८०. मी व्हिस्कीला हातसुद्धा लावला नव्हता, पण ठीक आहे, मंडळ म्हटलं की एवढं सोसायचं. खाली मात्र एक वेगळी ओळ होती : 'बर्फ ६०. फक्त वाईनवाले.'

वाईनवाले म्हणजे मी एकटा. हे अनेकवचन आदराचं नव्हे.

रस्सा मंडळ म्हणजे काय हे कोल्हापूरच्या बाहेर सांगावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुणाच्या तरी मळ्यात जमायचं, चूल पेटवायची आणि रात्रीपर्यंत तांबडा, पांढरा आणि सुकं यांच्यावर मतं मांडत बसायचं. घटना नाही, नोंदणी नाही, तरी पदाधिकारी आहेत. माझं पद 'ते वाईनचं खूळ असलेले'.

हे खूळ लागलं चार वर्षांपूर्वी नाशिकला. एका द्राक्षमळ्यावर दोन तास बसवून आम्हाला शिकवलं : ग्लास देठाला धरायचा, उजेडात बघायचा, घोळवायचा, हुंगायचा आणि मग जिभेवर घ्यायचा. मी परत आलो तो घरातल्या ताकाकडेही तसाच बघायला लागलो. बायको म्हणते, "आमटी हुंगलीत तर ताट उचलून नेईन." बरोबर आहे तिचं. पण मला खरोखरच त्यात काहीतरी सापडलं होतं आणि त्याला मी सिद्धांत म्हणतो.

सिद्धांत असा. तिखटाबरोबर तांबडी, तुरट वाईन घेतली की आग आणखी भडकते. मद्यार्क जितका जास्त तितकी जास्त. मिरचीतला तिखटपणा पाण्याला दाद देत नाही, त्याला स्निग्ध काहीतरी लागतं. आमच्या आज्यांनी हे कुठलाही कोर्स न करता सोडवलं. तांबड्याच्या शेजारी पांढरा ठेवला. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस, काजू, खडा मसाला. एक वाटी पेटवते, दुसरी विझवते. (आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितात तेही याच शास्त्रात बसतं, फक्त तिथं तिखट नसतं आणि मिशी पांढरी होते.) तर माझं म्हणणं, पांढऱ्याबरोबर थंडगार शेनिन ब्लाँ जुळेल. मुळात फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष, आता नाशकात रुळलेलं. आंबटसर, किंचित गोडीकडे झुकणारं. नारळाच्या दुधाच्या जाडपणाला तो आंबटपणा बरोबर कापणार. गेले सहा महिने मी हा प्रयोग मनातल्या मनात करत होतो. रविवारी प्रत्यक्ष करायचा होता.

बाटली आणणं हा स्वतंत्र अध्याय. आपल्याकडे वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. काउंटरवर विचारलं, "वाईन आहे का?" तर तो म्हणाला, "कुठली देऊ, रम का व्हिस्की?" मी म्हटलं, वाईन, द्राक्षांची. त्यानं आत आवाज दिला, "ए, ती बायकांची काढ रं." रांगेतली चार माणसं वळून बघायला लागली. बाटली आली ती सगळ्यात वरच्या फळीवरून, ट्यूबलाईटच्या बरोबर खालून, धुळीनं माखलेली. ही वस्तू अंधारात, गारव्यात ठेवायची असते. व्हिस्कीला ऊन लागलं तरी ती पैलवानासारखी उभी राहते, वाईन शिजते. फ्रीज होता की दुकानात! पण तो स्ट्राँग बिअरनं गच्च भरलेला. माइल्ड मागणाऱ्याकडे इथं 'घरी कोण आजारी आहे का' अशा नजरेनं बघतात. आणि सरकारचं म्हणाल तर २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं ठरवलं की हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन विकू द्यायची. झालं, वाईन ही दारू आहे की नाही यावर राज्यभर खल झाला, उपोषणाचे इशारे आले आणि प्रकरण थंडावलं. दुसरीकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पाच रुपयांत एक दिवसाचा पिण्याचा परवाना मिळतो. म्हणजे पाच रुपयांत पिता येतं, पण नऊशे रुपये मोजून ती बाटली गारव्यात ठेवलेली मिळत नाही. असो. रक्तदाब वाढतो.

तर रविवारी संध्याकाळी मी पन्हाळा रस्त्याच्या बाजूला मित्राच्या मळ्यात पोचलो. हातात थर्मोकोलचा डबा, त्यात खजिनदारानं वाटेत घेऊन दिलेला बर्फ, बर्फात बाटली. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले काचेचे दोन ग्लास. चुलीपुढं मित्राचे चुलते बसले होते, आबा. सत्तरी ओलांडलेली, तारुण्यात तालमीत घुमल्यामुळे दोन्ही कान मोडलेले, दोन एकर ऊस. मंडळाच्या चुलीवर त्यांचीच सत्ता, पळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"काय आणलंयसा त्या टावेलात? बाळ हाय काय?"

"ग्लास आहेत आबा. वाईन आणलीय."

"कशाची?"

"द्राक्षांची."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसती द्राक्षं."

"पाणी?"

"थेंब नाही."

"गूळ?"

"नाही."

"नवसागर?"

"अहो आबा!"

"नवसागर बी न्हाई." त्यांनी पळी आपटून कडेला ठेवली. "मग चढती कशी?"

इथं मी चूक केली. मी समजावून सांगायला बसलो. द्राक्षात साखर असते, यीस्ट ती साखर खातं, त्यातून मद्यार्क तयार होतो. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हंजे जंतू साखर खाणार, आणि मागनं जे सोडणार ते आपण पिणार."

शास्त्रीयदृष्ट्या मला 'हो' म्हणावं लागलं.

"आणि हे किती रुपयाला?"

"नऊशे."

आबांनी मळ्याकडं हात केला. "ह्यो ऊस बघा. कारखाना ह्याची साखर काढतो, मळी उरती, मळीची दारू हुती, तिला रंग दिला की झाली व्हिस्की. घरची वस्तू. आणि तुमी नाशकाची आणताय."

याला उत्तर नव्हतं, कारण ते बरंचसं खरं आहे. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया मळीच असतो आणि स्कॉटलंडचा माणूस तिला व्हिस्की म्हणायला तयार होणार नाही, धान्याची हवी म्हणेल. पण हे आबांना सांगणं म्हणजे स्कॉटलंडवर संकट ओढवणं. विषय बदलावा म्हणून मी बिअरवर गेलो. सांगितलं की जर्मनीत, बव्हेरियात, १५१६ साली कायदा केला होता : बिअरमध्ये फक्त पाणी, सातू आणि हॉप्स नावाची कडू फुलं. शेजारी बेल्जियममध्ये मात्र गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात.

"धने?"

"हो. धने."

"बिअरमदी धने?" आबा पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडं वळले. "मग लसणानं काय पाप केलंय?"

मी बाटली उघडली. फिरकीचं झाकण, कटकट करत निघालं. आबांचा चेहरा पडला. "बूच न्हाई? ही तर खोकल्याच्या औषधागत उघडली की." मी म्हटलं, पांढऱ्या वाईनला हेच चांगलं, ताजी राहते. त्यांनी ग्लास घेतला तो तांब्यासारखा, पूर्ण पंजात. मी म्हटलं, देठाला धरा. देठाला धरला. घोळवा. घोळवला, जरा जोरात, निम्मी चुलीत गेली, चूल फुसफुसली. हुंगा. मग त्यांनी मोडक्या कानापर्यंत मान तिरकी करून असा काही दीर्घ श्वास घेतला की गप्पा मारणारे सगळे गप्प झाले. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, जमलं. शिष्य मिळाला.

"मुरघास," आबा म्हणाले.

मुरघास म्हणजे मक्याची कुट्टी करून खड्ड्यात हवाबंद दाबतात आणि आंबवून जनावरांना घालतात तो चारा. मंडळ खो-खो हसलं. मी चिडलो. म्हटलं, आबा, हा पेरू आहे, हिरवं सफरचंद, थोडा मध. ते म्हणाले, "माझा गोठा हाय, मला वास शिकवू नगा." मी रागानं माझा ग्लास नाकाला लावला, आणि... काय सांगू? मुरघास. आंबूस, गोडसर, ओल्या हिरवाईचा, अगदी तोच. चार वर्षं जिला मी पेरू म्हणत होतो तिला एका म्हाताऱ्यानं एका शब्दात गोठ्यात नेऊन बांधलं. परवा घरी उरलेल्या दुसऱ्या बाटलीलाही तोच वास आला. हे नुकसान कुणाच्या हिशोबात धरायचं?

पण खरा प्रसंग पुढंच. ग्लास धुवायला म्हणून मी मोटारीपाशी गेलो. पाच मिनिटं असेन. परत येतोय तर आबा उभे, आणि माझी बाटली सुक्याच्या पातेल्यावर उपडी. भळाभळा.

"आबा!"

"ओरडू नगा. मटण निबार हाय, दोन तास झालं शिजंना. आंबट कायतरी लागतंच. टमाटी संपली, पपई हितं कुटनं आणू?" बाटलीच्या बुडावर थाप मारून त्यांनी शेवटचा थेंबही झटकला. "पांढऱ्यात न्हाई घातली बगा. फाटला असता. एवढं कळतंय आमाला."

याचं मला जास्त वाईट वाटलं, की त्यांचं बरोबर होतं. आंबटानं नारळाचं दूध फाटतं. आणि निबर मटणाला वाईन घालणं हे तर फ्रेंच लोकांचं घरगुती काम, म्हाताऱ्या कोंबड्याला ते तासन्‌तास तांबड्या वाईनमध्ये शिजवतात. आबा फ्रान्सच्या परंपरेत बसत होते आणि मी मोटारीपाशी ओला ग्लास घेऊन उभा होतो. सुकं उत्कृष्ट झालं. रस सुटलेला, मसाला बोटांना धरून बसलेला, मटण हाडावरून घसरत होतं. सगळे म्हणाले, आबांच्या हाताला चव आहे. नाशिकचं नाव कुणीही काढलं नाही.

हे तेच शहर आहे बरं का, ज्यानं २०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन केलं होतं. दर किलोमागं पन्नास-शंभर रुपयांचा अन्याय इथं रस्त्यावर येतो. नऊशे रुपयांची बाटली पातेल्यात गेली तर मात्र "भारी झालंय की सायेब."

तरी माझ्या आशेला एक जागा शिल्लक होती. मी मोटारीपाशी गेलो तेव्हा आबांच्या ग्लासात दोन बोटं वाईन उरली होती. पंगत बसली. वाटीत पांढरा आला, वर तेलाचा बारीक तवंग, तळाशी खसखशीचे कण, वाफेत वेलदोडा. मी ग्लास शेजारी घेतला. बर्फातला गारवा थोडा अजून टिकून होता. पांढऱ्याचा एक मोठा घोट तोंडात घेतला, नारळाचा जाडपणा टाळूला चिकटू दिला, डोळे मिटले, आणि ग्लासासाठी हात पुढं केला. सहा महिने ज्याची वाट बघितली तो घोट घेतला.

बुडबुडे.

डोळे उघडले तर खजिनदार हातात सोड्याची बाटली घेऊन प्रेमानं बघत होता. "नुसतीच काय पिताय? आमाला सांगायचं नाही का, सोडा होता की."

सोमवारी सकाळी त्यानंच तो सोडाही नऊजणांत वाटून लावला होता. मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसलो. डबा माझा, बर्फ त्यानं वाटेतल्या टपरीवरून आणला होता हे खरं. पण उरलेला बर्फ रात्री व्हिस्कीत कुणी घातला? मी लिहून पाठवायला घेतलं, दोन वेळा खोडलं. शेवटी ६८० पाठवले आणि गप्प बसलो.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "बर्फाचे?" त्याखाली आणखी एक : "आबा विचारतायत, पुढच्या वेळी दोन आणशील काय. एक कमी पडली."