‘ऑटिझम आहे? नोकरी सोडा, धंदा करा’: हा सल्ला अर्धवट आहे

फिरणारा सल्ला असा: ऑटिस्टिक माणसाला नोकरी झेपत नाही, त्याने घरबसल्या धंदा करावा. साहेब नाही, आवडीचं काम, हवं तेव्हा काम, भांडवलाला सरकार आहेच. ज्यांच्यापुढे मुळात पर्याय कमी, त्यांना असं अर्धवट सांगणं घातक आहे.

‘साहेब नाही.’ पण प्रत्येक गिऱ्हाईक साहेबच. ‘जरा कमी करा’, ‘उद्याच हवंय’, रात्री अकराला फोन. नोकरीत हे झेलायला दुसरं कुणी असतं. म्हणून दर ठरलेले ठेवा आणि ऑर्डर फक्त लेखी घ्या: माप, रंग, तारीख, निम्मे पैसे आगाऊ. बदल एकदाच, तोही लेखी. घासाघीस आणि वसुली एका ठरलेल्या माणसाकडे द्या, मोबदला देऊन. आईवडील हे फुकट करतात तोवर तो खर्च हिशोबात दिसतच नाही.

‘आवडीचं काम.’ हातानं रंगवलेली कापडी पिशवी घ्या. कोरी पिशवी ६० रुपये, रंग १५, पॅकिंग १०, एकूण ८५. विक्री २०० ला. रंगवायला अडीच तास, मेसेज-पॅकिंग-कुरिअरला अर्धा. म्हणजे तासाला जेमतेम ३८ रुपये. विक्रीच्या साइटनं २० टक्के कापले की २५. काम सुंदर असूनही धंदा बसतो तो इथे. आधी दहा नग घड्याळ लावून करा, मग दर ठरवा.

‘हवं तेव्हा काम.’ आवडीच्या कामात दिवस जातो आणि बिलं तशीच राहतात. हिशोबाचा वार ठरवा. दिवाळीआधी ऑर्डरींना मर्यादा घाला. ताण हद्दीबाहेर गेला तर पुढचे कित्येक आठवडे काहीच होत नाही.

‘सरकार भांडवल देतं.’ ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर दिव्यांग वित्त महामंडळाकडे अर्ज करता येतो. पण ते कर्ज आहे, विक्री झाली नाही तरी हप्ता थांबत नाही. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, करा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे दुकानदारानं वा कंपनीनं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या ‘बँक रेट’च्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज.

आणि ‘नोकरी झेपत नाही’ हे सरसकट कुणी ठरवलं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ज्या गटांसाठी, त्यांत ऑटिझमही आहे. अर्धवेळ नोकरी हातात असेल तर ती टिकवा आणि धंदा शनिवार-रविवारी सुरू करा. सलग सहा महिने खर्च वजा जाता पैसे उरले, तरच राजीनाम्याचा विचार करा.