फोटोत अक्षांश-रेखांश आले ना? मग झालं!

बी.एड. कॉलेज चालवताय? किंवा तिथं शिकवताय? मग हे तुमच्यासाठीच. भावी शिक्षकांची डिजिटल कौशल्यं वाढवा, म्हणून वरून सारखी पत्रं येत असतील. घाबरू नका. खर्च जवळपास शून्य, आणि शिकवावं तर काहीच लागत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, आलेले तुमचे छात्राध्यापक दरवर्षी सांभाळते. मागच्या मंगळवारी त्यातल्या एका मुलीनं माझ्या अकरावीच्या वर्गावर ‘आयसीटी-आधारित’, म्हणजे माहिती-तंत्रज्ञान वापरून, पाठ घेतला. तेव्हापासून ही सगळी पद्धत मला तोंडपाठ आहे, म्हणून म्हटलं चार सल्ले द्यावेत.

सुरुवात फोटोपासून करा. पाठ वगैरे नंतर.

मंगळवारी झालं ते असं. आमच्या प्रोजेक्टरचा रिमोट शिपाईमामांकडे असतो, रिमोटचे सेल स्टाफरूमच्या घड्याळात असतात आणि केबल कुणाकडे असते हे वर्षभर कुणालाच ठाऊक नाही. (ही आमची करणी, तुमची नव्हे. मान्य.) घड्याळातले सेल काढले, घड्याळ अकरा वीसला थांबलं, प्रोजेक्टर सुरू झाला. केबल नाहीच. भिंतीवर निळा चौकोन आणि त्यात पांढऱ्या अक्षरांत ‘नो सिग्नल’. पोरगी अजिबात गडबडली नाही. मुलांना म्हणाली, ‘‘सगळ्यांनी समोर बघा. हात वर करा.’’ मग मोबाइल माझ्या हातात दिला. ‘‘मॅडम, जीपीएसवाला काढा हं, लोकेशन दिसलं पाहिजे. तेवढी ती अक्षरं येऊ देऊ नका.’’ ऐंशी पोरं निळ्या भिंतीकडे हात वर करून बसली होती, जणू तिथून प्रसाद वाटणार आहेत. मी फोटो काढला. भूगोल शिकवते म्हणून खात्रीनं सांगते, त्या फोटोवरचे अक्षांश-रेखांश अगदी अचूक होते.

मग तिनं प्रोजेक्टर बंद केला, टाचणवही उघडली आणि नदीचं कार्य खडूनं शिकवलं. बरं शिकवलं, खरं तर.

पीपीटीचे गुण स्लाइड मोजून द्या.

तिची बेचाळीस स्लाइडची होती. पाठानंतर लॅपटॉपवर दाखवली. पाठ्यपुस्तकातले उतारे जसेच्या तसे, आणि प्रत्येक अक्षर डावीकडून उडत येऊन जागेवर बसणार. नागमोडी वळणासाठी परदेशातल्या कुठल्याशा नदीचं चित्र, त्यावर तिरकं छापलेलं दुसऱ्याच वेबसाइटचं नाव. आमच्या वर्गातली निम्मी पोरं वारीत एकदा तरी पंढरपूरला जाऊन आलीत. तिथं भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणूनच तिला चंद्रभागा म्हणतात. इस्रोचं ‘भुवन’ हे उपग्रह-नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून फुकट आहे. त्यात पंढरपूर उघडलं असतं तर ज्या वाळवंटात पोरं चालली, तेच वळण त्यांना वरून दिसलं असतं. पण ‘भुवन’ला स्लाइड लागत नाहीत, म्हणजे गुणही नाहीत. तेव्हा तुम्ही बेचाळीसवरच ठाम राहा. आणि हो, पीपीटीची रंगीत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून दोन प्रतींत जमा करून घ्यायला विसरू नका. डिजिटल म्हटलं तरी कपाटात काहीतरी दिसायला हवं.

संगणक कक्षाचं कुलूप तपासणी समिती येईल त्याच दिवशी उघडा.

परीक्षा लेखीच घ्या. ‘ई-मेल पाठवण्याच्या पायऱ्या लिहा. गुण ५.’

टीपॅक मात्र मन लावून शिकवा. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ साली मांडलेली ती तीन वर्तुळं: आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान. काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि कशानं शिकवायचं, याचा एकत्र विचार करा, एवढंच त्यात म्हटलंय. तेवढा विचार कोण करत बसणार? कार्डशीटवर बांगडी ठेवून तीन वर्तुळं काढायची, तीन रंगांत रंगवायची आणि प्रवेशद्वाराजवळ लावायची. मधल्या भागाला सोनेरी टिकल्या लावल्या तर बाह्य परीक्षक हमखास थांबून बघतात.

आता सूक्ष्म अध्यापन. हा विषय नाजूक आहे, जरा सावकाश घेऊ.

तुम्ही हे वर्षानुवर्षं घेताय, त्यामुळे त्याचा जन्म कुठला हे तुम्हाला माहीत असणारच. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. एकच कौशल्य, थोडे विद्यार्थी, पाच-सहा मिनिटांचा पाठ. आणि त्यात मुख्य गंमत काय होती? पाठाचं चित्रीकरण करायचं आणि शिकवणाऱ्याला त्याचाच पाठ दाखवायचा. प्रश्न विचारून आपण दीड सेकंदही थांबत नाही, फळ्याशी बोलतो, पहिल्या बाकापलीकडे नजर जात नाही, हे दुसऱ्यानं सांगून पटत नाही. स्वतःला बघितलं की पटतं. त्या काळातलं ते चित्रीकरणाचं यंत्र म्हणजे चांगलं वजनदार धूड असायचं. तरी ते त्यांनी वापरलं. म्हणजे सूक्ष्म अध्यापन ही जन्मापासूनच तंत्रज्ञानावर उभी असलेली गोष्ट आहे! आपण काय केलं? ती इथं आणली, तिची चांगली ३६ मिनिटांची साखळी बसवली, ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनराध्यापन, पुन्हा ६ प्रत्याभरण, आणि कॅमेरा तेवढा गाळला. परवडत नव्हता, ठीक आहे. त्या जागी वही आणली, तेही ठीक. पण आज त्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे हो! पन्नास छात्राध्यापक, पन्नास कॅमेरे. आणि तुम्ही अजून वहीच मागताय. ती वही कशी भरली जाते तेही सगळ्यांना माहीत आहे. हॉस्टेलवर एका रात्रीत, मागच्या बॅचची समोर ठेवून, दोन रंगांच्या पेनांनी. प्रत्याभरणाच्या रकान्यात ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे.’ माझ्याही वहीत हेच होतं. बी.एड. एका वर्षाचं होतं तेव्हाची गोष्ट आहे ही, आणि तेव्हा आमच्या कॉलेजच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर क्रोशाचं कव्हर असायचं. म्हणजे माझं फलकलेखन तेव्हापासून सुधारायचं राहिलंय, आणि या मुलीचंही राहणार, कारण दोघींनीही स्वतःला शिकवताना एकदाही पाहिलेलं नाही.

मंगळवारीच दुपारी हीच पोरगी स्टाफरूममध्ये डबा खाता खाता मामेबहिणीच्या हळदीची रील करत होती. तीन व्हिडिओ कापले, गाणं ठोक्यावर बसवलं, खाली मराठीत ओळी टाकल्या, मध्येच ओरडणाऱ्या काकांचा आवाज काढून टाकला. पोळी-भाजी संपायच्या आत. मी विचारलं, ‘‘अगं, हे पाठात का नाही वापरलंस?’’

‘‘मॅडम, वर्गात मोबाइल काढला तर आमचे सर गुण कापतात.’’

‘‘आणि सकाळी?’’

‘‘फोटोपुरता चालतो.’’

इथं खरं तर मला आणखी दोन-तीन चटकदार सल्ले द्यायचे होते. ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू ठेवून भाजी कशी निवडावी, उत्तरांची यादी कुठल्या ग्रुपवर येते, वगैरे. जाऊ दे. तुम्ही त्यात माझ्यापेक्षा तयार आहात.

सरळच विचारते. लाज वाटते का थोडी? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं केलं, शाळेतली आंतरवासिता २० आठवड्यांची केली, ‘आयसीटीचे चिकित्सक आकलन’ असा वेगळा भाग घातला. दोन वर्षांत त्या मुलीला केबल नसेल तर काय करायचं, हे एकदाही सांगायला जमलं नाही तुम्हाला? मोबाइलवरून पडद्यावर कसं दाखवायचं, चित्र कुठून घ्यायचं, कुणाचं चित्र विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, पोरांचे फोटो गावभर पाठवायचे नाहीत? शिक्षक-प्रशिक्षणावरच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगानं २०१२ साली अहवाल दिला. त्याचा दाखला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्वच्छ लिहिलंय की १०,००० हून जास्त स्वतंत्र शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुतेकींत शिक्षक घडवायचा गंभीर प्रयत्नसुद्धा होत नाही, पैसे घेऊन पदव्या विकल्या जातात. सरकारच्या धोरणातलं वाक्य आहे हे, स्टाफरूममधली कुचाळकी नव्हे. त्यावर तुम्ही काय केलंत? जीपीएसवाले फोटो मागायला लागलात.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या एका शिक्षिकेनं कपड्यांच्या हँगरला मोबाइल टांगून रसायनशास्त्र शिकवलं. तो फोटो तुम्हीही ‘सलाम’ लिहून फॉरवर्ड केला असणार. तिला हँगर शोधावा लागला, याचं कुणालाच काही वाटलं नाही. आमच्याकडे तर अर्धे शिक्षक त्या वर्षी पोरांना फक्त पानांचे फोटो पाठवत राहिले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. ते तुमच्याच हातून पास होऊन आले होते. मीही आलेय.

त्या मुलीचा निरीक्षण-फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’पुढचा चौकोन कोरा ठेवलाय. मागच्या वर्षीपर्यंत तिथं आठ लिहून मोकळी व्हायचे. तुमच्या कॉलेजातून दोनदा फोन आला, ‘‘मॅडम, तेवढे गुण टाकून द्या ना, फोटो तर आहे.’’ तिसऱ्यांदा फोन करू नका. या. मागच्या बाकावर बसून तिचा एक अख्खा पाठ बघा, तिच्याच मोबाइलवर तो रेकॉर्ड करा आणि तिच्या शेजारी बसून तिला दाखवा. आणि येताना केबल घेऊन या. शिपाईमामा म्हणतात, आमची तुमच्याच मागच्या बॅचनं नेलीय.