बेटावर राज्य करणाऱ्यांसाठी प्रवासाच्या सूचना

एखाद्या चिमुकल्या बेटाचं राष्ट्राध्यक्षपद तुमच्याकडे चालून आलं, तर शपथ घेऊन घरी आल्या आल्या पासपोर्ट कपाटात टाका आणि कुलूप लावा. किल्ली कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पंतप्रधानाकडे तर मुळीच नाही.

हसताय? सेशेल्सचे जेम्स मँचमही हसतमुखच होते. हिंदी महासागरातला हा देश 29 जून 1976 रोजी स्वतंत्र झाला. शंभरावर बेटं, पण सगळी जमीन गोळा केली तरी आपल्या मुंबईपेक्षा कमी भरते. माणसं त्या वेळी साठेक हजार. राष्ट्राध्यक्ष मँचम, पंतप्रधान फ्रान्स-अल्बर्ट रेने. दोघेही लंडनला शिकलेले वकील. एकाचा पक्ष इंग्रजांचा पदर धरून राहू म्हणणारा, दुसऱ्याचा इंग्रजांना घालवा म्हणणारा. अशा दोघांचा संसार एका मंत्रिमंडळात मांडून दिला, आणि तो स्वातंत्र्यानंतर वर्षभरसुद्धा टिकला नाही. मँचमना कविता आवडत, पार्ट्या आवडत, लंडन तर फारच आवडे. जून 1977 मध्ये राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव आणि राष्ट्रकुलाची परिषद असा दुहेरी योग आला. साहेब निघाले. 5 जूनच्या पहाटे साठेक हत्यारबंद माणसांनी माहे हे देशाचं मुख्य बेट ताब्यात घेतलं आणि राष्ट्राध्यक्षांना सॅव्हॉय हॉटेलात कळलं की आपण माजी झालो.

आता रेने यांच्याकडून काय शिकायचं ते पाहा. उठाव झाला की लगेच खुर्चीत उडी मारायची नाही. आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, लोकांनी गळ घातली म्हणून नाइलाजाने जबाबदारी घेतोय, असं सांगायचं. आपल्याकडे याला ‘मी नाही त्यातली’ म्हणतात. नाइलाज मात्र चिवट निघावा लागतो. रेने यांचा 27 वर्षं चालला.

निवडणुकीची भीती वाटत असेल तर तीही घालवता येते. 1979 मध्ये नवी राज्यघटना आणा, देशात एकच पक्ष ठेवा आणि राष्ट्राध्यक्षपदाला एकच उमेदवार. लोकांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. रेने यांना तीनदा नव्वद टक्क्यांच्या वर ‘हो’ मिळाले. मला कुतूहल आहे ते उरलेल्यांचं. एवढ्याशा बेटावर, जिथे मतदान केंद्रावरचा माणूस तुमचा मावसभाऊ निघतो, तिथे ‘नाही’ म्हणून घरी जेवायला जाणारी ती माणसं कोण असतील?

तुम्ही घरी बसलात तरी पाहुणे येतात, तेव्हा कस्टम्समध्ये चांगली माणसं नेमा. 25 नोव्हेंबर 1981 ला स्वाझीलँडच्या विमानातून चाळीसेक धट्टेकट्टे पर्यटक माहेला उतरले. आम्ही बिअरचा फेस उडवणाऱ्यांच्या जुन्या मंडळाचे सभासद, गरीब पोरांसाठी खेळणी आणलीत, असं त्यांचं म्हणणं. खेळणी खरीच होती. बॅगेला खाली चोरकप्पा होता आणि त्यात रायफल. बहुतेक जण बाहेर पडलेही होते, पण कुण्या कस्टम्सवाल्याने एकाची बॅग उपसायला घेतली. बाहेर आली एके-47. विमानतळावर गोळीबार सुरू झाला. हे भाडोत्री सैनिक, त्यांचा म्होरक्या ‘मॅड’ माइक होर, आणि बेत मँचमना परत आणण्याचा. तेवढ्यात सालिसबरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 707 धावपट्टीवर उतरलं. क्रांती फसल्यावर परतीचं वाहन हवंच. मंडळींनी तेच पळवून डर्बनला नेलं. मुंबईला उतरायला निघालेल्या प्रवाशांनी सकाळी दक्षिण आफ्रिकेची जमीन पाहिली. त्यांनी कुणाचं राज्य उलथवायला तिकीट काढलं नव्हतं.

विरोधकांनीही प्रवासाचा विचार जपून करावा. देशाबाहेर राहून रेने यांच्याविरुद्ध लढणारे जेरार ओआरो यांना नोव्हेंबर 1985 मध्ये लंडनला राहत्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. मारेकरी आजवर सापडला नाही. यावर मला विनोद सुचत नाही.

आणि 1986 मध्ये रेने यांच्याकडूनच चूक झाली. अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी ते हरारेला गेले. बेट सोडलं! मागे त्यांच्याच संरक्षणमंत्र्याच्या नावाने उठावाची कुजबुज सुरू झाली. नऊ वर्षांपूर्वीचा जून ज्याने जवळून पाहिलाय, त्याला परिषदेतला ठराव कसला ऐकू येतोय? राजीव गांधींनी आपलं विमान दिलं, रेने तडक माहेला परतले आणि खुर्ची जागेवरच होती.

खजिना आटला की काय करावं, याचीही सोय या कारकिर्दीत आहे. 1995 मध्ये कायदा केला: जो परका एक कोटी डॉलर गुंतवील, त्याच्यावर खटला नाही, त्याला परत पाठवणं नाही, मालमत्तेला हात नाही. बाहेर काय दिवे लावून आलात, हे विचारायचं नाही. इथे हाणामारी आणि अमली पदार्थ तेवढे नकोत. जगभर एवढा गहजब झाला की शेवटी कायदा गुंडाळावा लागला. आपल्याकडे एवढी गोष्ट कुणी कागदावर लिहून ठेवत नाही, हा आपला समजूतदारपणा.

खोटं कशाला बोलू, माणसाने शाळा फुकट केल्या, दवाखाने फुकट केले, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली. म्हणूनच बहुपक्षीय निवडणुका आल्यावर 1993 मध्ये मायदेशी परतलेले मँचम समोर उभे राहिले, तरी खऱ्याखुऱ्या मतपेटीतून रेने जवळपास साठ टक्के मतं घेऊन निघाले. तेव्हा तुम्ही बंदूक आणि दवाखाना यांतलं एकच निवडायच्या विचारात असाल, तर घाई करू नका.

2004 मध्ये त्यांनी खुर्ची स्वतःहून आपल्या उपराष्ट्राध्यक्षाला दिली, पक्ष मात्र पुढची काही वर्षं हातात ठेवला. लोक त्यांना ‘बॉस’ म्हणत राहिले. लंडनला मुक्काम हलवून आठवणी लिहीत बसले नाहीत. 27 फेब्रुवारी 2019 ला ते गेले, तेही माहेवरूनच.